साहेबांच्या पायात गोळा

आमच्या खात्यात कर्णधार निवडत नाहीत, तो बदलीच्या ऑर्डरवर येतो. तालुक्याच्या ऑफिसात सगळ्यांत मोठ्या खुर्चीवर जो रुजू होईल, तोच हिवाळी क्रीडा स्पर्धांत क्रिकेटचा, कबड्डीचा, रस्सीखेचीचा आणि कॅरमचाही कर्णधार. आमचे एक साहेब गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना कबड्डीचे कर्णधार होते. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचे आणि खेळाडू बाद झाला की त्याच्याकडे असं बघायचे, जणू त्याने फाईल हरवली आहे.

खातं कोणतं ते सांगत नाही. मी तिथे लिपिक आहे, अजून नोकरी आहे. घर सुलतानपूरला, ऑफिस मेहकरला. रोज मोटारसायकलने येणं-जाणं.

तीनेक वर्षांपूर्वी जिल्ह्याला जे मोठे साहेब आले, त्यांना फुटबॉलची आवड होती. झालं, साऱ्या जिल्ह्याला फुटबॉलची आवड लागली. ज्यांनी जन्मात बॉलला पाय लावला नव्हता, ते चहाच्या टपरीवर ऑफसाइडवर वाद घालू लागले. स्पर्धेच्या पत्रकात फुटबॉल आला. संघ सात-सात जणांचा ठेवला, कारण कोणत्याही ऑफिसात अकरा माणसं धावण्याजोगी निघेनात. आमच्याही सातांतली दोन माणसं धावण्याजोगी म्हणणं म्हणजे त्यांच्यावर मेहेरबानीच होती.

मी गोलकीपर झालो. उंची बरी आहे आणि पळायचा मला कंटाळा आहे, एवढीच माझी पात्रता.

फुटबॉल येत होता तो एकाच माणसाला, आमच्या जीपच्या ड्रायव्हरला. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने सडपातळ, कानावरचे केस पिकलेले. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणायचो. त्याचे वडील मलकापूरला रेल्वेत होते. रेल्वे क्वार्टरच्या मागच्या मैदानात तो लहानपणापासून खेळलेला. हे ऑफिसात कोणालाच माहीत नव्हतं. ड्रायव्हरला गाडीचं अ‍ॅव्हरेज सोडून दुसरं काही विचारायची पद्धत आमच्याकडे नाही.

सकाळी सातला मेहकरच्या एका शाळेच्या मैदानावर आमचा सराव चालायचा. शेवटी भाऊ दहा पेनल्टी मारायचा आणि मी अडवायचो, म्हणजे अडवायचा प्रयत्न करायचो. महिनाभरात दोन अडवल्या, त्यातली एक माझ्या तोंडावर येऊन आदळली म्हणून. त्याची धाव फक्त दोन पावलांची. पळत येणं नाही, हातवारे नाहीत.

"भाऊ, तुम्ही बॉलकडे बघतच नाही," मी एकदा म्हणालो.

"बॉल कुठं जाते? तो तं जागेवरच हाये. मी तुमच्या गुडघ्याले पायतो. जिकडे उडी मारायची, तिकडचा गुडघा तुमचा आधीच वाकते."

"मग मी काय करू?"

"वाकवू नका. उभेच राहा शेवटपर्यंत. मारणाऱ्याले वाटलं पायजे का हा माणूस काहीच करून नाही राह्यला. मंग त्याचेच पाय लटपटते."

त्या वर्षीचे आमचे साहेब पश्चिम महाराष्ट्रातून आलेले. माणूस टापटीप, शर्टाची घडी मोडायची नाही. आमच्या बोलण्याची त्यांना गंमत वाटायची. भाऊ 'मले' म्हणाला की ते न चुकता 'मला' म्हणून दुरुस्त करायचे, आणि भाऊ 'हाव साहेब' म्हणून पुन्हा 'मले' म्हणायचा. सरावाला साहेब दोनदा आले. दुसऱ्यांदा आले ते नवे बूट आणि दंडावर पिवळी पट्टी घालून. पट्टी त्यांनी ऑनलाइन मागवली होती, त्यावर इंग्रजीत कॅप्टन लिहिलेलं होतं. आपण कोण आहोत हे सरावालाही कोणी विसरू नये, याची काळजी.

निघायच्या आदल्या दिवशी केबिनमध्ये मीटिंग झाली. मीटिंगशिवाय आमच्याकडे फुटबॉलसुद्धा खेळता येत नाही.

"पेनल्टी मिळाली तर ती कर्णधार घेतो," साहेब म्हणाले. "नियमच आहे तसा."

मी त्याच आठवड्यात मोबाइलवर नियम वाचले होते. नियमांत कर्णधाराच्या वाट्याला फार थोडं येतं. नाणेफेकीला जायचं आणि आपल्या माणसांच्या वागण्याची जबाबदारी घ्यायची. पेनल्टी कोणीही मारू शकतो, फक्त कोण मारणार ते पंचाला स्पष्ट कळलं पाहिजे. हे मला तोंडपाठ होतं आणि मी तोंड उघडलं नाही. उलट मान हलवली. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, तर म्हणाले, "बरोबर आहे सर, जबाबदारीचं काम आहे ते." भाऊ दाराशी उभा होता. त्याला बसायला खुर्ची नव्हती, कारण तो संघाचा सर्वांत चांगला खेळाडू असला तरी ड्रायव्हर होता.

दुसऱ्या दिवशी चिखली मागे टाकून आम्ही बुलढाण्याला पोचलो. डिसेंबरात तिथलं वारं कान कापतं. मैदानावर मुरूम पसरलेला, चुन्याच्या रेघा ताज्या, मंडपात सोफे. सोफ्यांवर कोणी बसावं याच्या चिठ्ठ्या आधीच चिकटवलेल्या.

पहिल्या सामन्यात भाऊने दोन गोल मारले. मग समोरच्या संघातल्या एकाच्या हाताला बॉल लागला आणि आम्हाला पेनल्टी मिळाली. साहेबांनी बॉल उचलला, पुसला, ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग लांबून धावत आले आणि मारला. बॉल घरंगळत निघाला. समोरचा गोलकीपर, एक काटकुळा लिपिक, बॉल अर्ध्या वाटेवर येईपर्यंत तसाच थांबला आणि मग उलट्या बाजूला अशी झेप घेतली की त्याची पँट फाटली.

चहाच्या वेळी तो माझ्याशेजारी आला. फाटलेल्या जागी रुमाल धरून होता.

"आमच्या अन् तुमच्या साहेबाची दोस्ती हाये," तो म्हणाला. "बॉल हाती आला असता तं मलेच ऐकावं लागलं असतं."

मी हसलो. मनात म्हटलं, काय हा माणूस! दोन तासांनी माझ्यावर काय वेळ येणार आहे, याची मला कल्पना नव्हती.

तोवर साहेबांच्या गोलचा व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर पडला. अंगठ्यांची आणि टाळ्यांची रांग लागली. जेवताना साहेबांनी आम्हाला समजावलं, की पेनल्टी हा पायाचा नाही, मनाचा खेळ आहे. भाऊ समोर बसून भाकरी मोडत होता.

अंतिम सामना दुपारी, जिल्ह्याच्या मुख्य ऑफिसशी. त्यांचे कर्णधार अर्थातच मोठे साहेब. इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. मोठ्या साहेबांना खरंच खेळता येत होतं. पन्नाशीचा माणूस, पण बॉल पायाला चिकटून राहायचा. त्यांच्यावर अन्याय करत होतो ते आम्हीच. ते बॉल घेऊन आले की आमचे बचाव करणारे दार उघडावं तसे बाजूला व्हायचे. एकाने तर "या सर" म्हटल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. असं रिकामं मैदान तुडवत त्यांनी पहिला गोल केला. मी झेप घेतली होती, मनापासून घेतली होती, पोचलो नाही.

पंच म्हणून गावातल्याच एका शाळेच्या क्रीडा शिक्षिका होत्या. तिशीच्या आसपास, उन्हाने रापलेल्या, डोक्यावर टोपी, शिट्टीची दोरी मनगटाला गुंडाळलेली. सुरुवातीलाच त्यांनी दोन्ही संघांना बजावलं, "काही विचारायचं असेल तर फक्त कर्णधारानं माझ्याकडे यायचं. बाकीच्यांनी लांब राहायचं." साहेब सुखावले. एकट्याने बोलायचा अधिकार त्यांना अगदी कायदेशीर मिळाला होता.

उत्तरार्धात भाऊने बरोबरी केली. आणि वेळ संपायला दोन-तीन मिनिटं उरलेली असताना तो पुन्हा बॉल घेऊन आत घुसला. मदतीला मागे आलेल्या मोठ्या साहेबांनी पाय घातला. बॉल पुढे निघून गेला होता. पाय लागला तो भाऊच्या नडगीला. मुरमावर भाऊ असा फरफटला की गुडघ्याची सालं निघाली. मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला होतो, तरी मला आवाज आला.

शिट्टी वाजली. मॅडमनी चुन्याच्या ठिपक्याकडे बोट दाखवलं. पेनल्टी.

मोठे साहेब हात वर करून मॅडमकडे गेले. "मी बॉल खेळलो," ते म्हणाले. यात वावगं काही नाही, कोणताही खेळाडू हेच म्हणतो. मग आमचे साहेब गेले. मला वाटलं, संघाची बाजू मांडायला. मी मधल्या वर्तुळापर्यंत पुढे आलो होतो, म्हणून पुढचं सगळं ऐकू आलं.

"मॅडम, सर बरोबर सांगतायत," आमचे साहेब म्हणाले. "पाय लागलाच नाही. आमचा माणूस आपोआप घसरला. मी जवळून पाहिलंय."

जवळून! ते तेव्हा मैदानाच्या मध्यावर कमरेवर हात ठेवून दम खात होते.

मॅडमनी त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुम्ही कोणत्या संघाचे कर्णधार?"

"मेहकरच्या."

"पेनल्टी तुम्हालाच मिळाली आहे, कळलं ना?"

"हो, पण खिलाडूवृत्ती म्हणून..."

"मी तुम्हाला विचारलेलं नाही. कर्णधारानं शंका विचारायची असते, निर्णय द्यायचा नसतो. पेनल्टी आहे. कोण मारणार ते सांगा."

मोठे साहेब खांदे उडवून मागे फिरले. त्यांच्या लेखी विषय संपला होता. आमच्या साहेबांच्या लेखी आता सुरू झाला होता. भाऊ गुडघ्यावरची माती झटकत उठला आणि बॉलकडे वळला, तर साहेबांनी बॉल काखेत घेतला.

"मी मारतो. ठरलंय तसं."

भाऊ दोन पावलं मागे सरला.

या वेळी साहेबांनी बॉल पुसलाही नाही. धावत आले आणि मारला. बॉल गोलच्या खांबापासून एवढ्या लांबून गेला की मंडपातल्या पाणी देणाऱ्याने तो पायाने अडवला. मुद्दाम चुकवला की खरंच तेवढंच येत होतं, हे मला आजवर कळलेलं नाही. काहीही असलं तरी बॉल तिथेच गेला असता. साहेबांनी दोन्ही हात डोक्याला लावले आणि बोटांच्या फटीतून मंडपाकडे बघून घेतलं.

सामना एक-एक असा संपला. आता दोन्हीकडून पाच-पाच पेनल्टी. मॅडमनी मारणाऱ्यांची यादी मागितली. यादी म्हटल्यावर आमच्याकडे लिपिकाचं काम, म्हणजे माझं. साहेब सांगत गेले, मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहीत गेलो. पाचवं नाव त्यांनी स्वतःचं सांगितलं. "निर्णायक असते ती." भाऊचं नाव आलंच नाही.

"सर, भाऊ..." मी म्हणालो.

"त्याचा गुडघा फुटलाय. दिसत नाही का?"

"मले काही नाही झालं साहेब," भाऊ मागून म्हणाला. "मारू शकतो मी."

"मला," साहेब म्हणाले. "मले नाही, मला. आणि आराम करा तुम्ही."

मी यादी लिहिली. सुवाच्य अक्षरात, अनुक्रमांक घालून, खाली 'कर्णधार' लिहून सहीला जागा सोडून. भाऊचं नाव नसलेली ती यादी मी लिहिली आहे, आणि त्यात एक खाडाखोडही नाही.

मी गोलकडे निघालो तेव्हा साहेब माझ्या बरोबरीने चालू लागले. खांद्यावर हात ठेवला. नऊ महिन्यांत पहिल्यांदाच.

"मोठे साहेब पाचवी मारणार आहेत," ते हळू म्हणाले. "त्यांच्या वेळेला जरा... बघून घ्या."

"म्हणजे सर?"

"तुम्ही समजदार आहात."

समजदार! आमच्या खात्यात हा शब्द कोणासाठी वापरतात ते मला माहीत होतं. पँट फाटलेला तो लिपिक मला आठवला. सकाळी मी त्याला हसलो होतो.

पेनल्टी सुरू झाल्या. त्यांची पहिली बसली, आमचीही बसली. दुसरी त्यांची बाहेर गेली, आमची त्यांच्या गोलकीपरने धरली. तिसरी, चौथी दोघांच्याही बसल्या. तीन-तीन. आता मोठे साहेब.

त्यांनी बॉल ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी काय ठरवलं होतं, हे मला कोणी विचारलं तर खरं उत्तर असं, की मी सोडायचं ठरवलं होतं. डावीकडे उडी मारायची, ते बहुधा उजवीकडे मारतील, काम संपलं. नोकरी आहे, घर आहे, साहेबांच्या हाती माझा गोपनीय अहवाल आहे. अशी सगळी कारणं मनाशी जुळवून मी उभा राहिलो. पण महिनाभर भाऊने सकाळी सातला जे अंगात भिनवलं होतं, ते गोपनीय अहवालाला विचारून चालत नाही. गुडघा वाकलाच नाही. मोठे साहेब धावत आले, माझ्या पायांकडे पाहिलं, क्षणभर अडखळले आणि बॉल मारला तो जवळजवळ माझ्या अंगावर. हात आपसूक खाली गेले. बॉल माझ्या पोटाशी होता.

शौर्य वगैरे काही नाही. माझ्या हातांनी माझं ऐकलं नाही, एवढंच झालं.

मैदानाच्या कडेला उभे असलेले आमचेच तीन-चार लोक ओरडले आणि लगेच गप्प बसले. मी मान वर केली, तर मोठे साहेब दहा पावलांवर. आणि माझ्या तोंडून निघालं,

"सॉरी सर. चुकून."

मोठे साहेब थांबले. "सॉरी? कशाबद्दल?" ते खरंच गोंधळले होते. मग हसले. "अहो, छान अडवलात. अजिबात हलला नाहीत." हात पुढे करून त्यांनी माझा हात दाबला आणि आपल्या संघाकडे गेले.

मी तिथेच बॉल पोटाशी धरून उभा राहिलो. त्या माणसाला राग आलाच नव्हता. त्याला खेळायचं होतं, आणि दिवसभर आम्ही त्याला खेळू दिलं नव्हतं. आमचे बचाव करणारे, त्यांचे "या सर", आमच्या साहेबांची खिलाडूवृत्ती, माझं सॉरी, हे सगळं त्याने मागितलेलंच नव्हतं. आम्हीच आपणहून वाहत सुटलो होतो.

आता आमची पाचवी. बसली तर आम्ही जिंकणार. मारणार साहेब. मी त्यांच्याकडे पाहिलं. दुपारचं ऊन डोक्यावर असूनही त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. बसवली तर मोठे साहेब हरतात. चुकवली तर दुसऱ्यांदा, साऱ्या मंडपासमोर. ते ठिपक्याकडे चार पावलं चालले, पाचव्याला थांबले आणि पोटरी धरून खाली बसले.

"गोळा," ते कण्हले. "पायात गोळा आलाय."

आमचे दोघे धावले. बूट काढला, पाय ताणला, कोणीतरी पाणी ओतलं. मी इतक्या जोराने आलेला गोळा पाहिला नव्हता, आणि इतका वेळ साधून आलेला तर नाहीच. मॅडम शांतपणे वाट बघत उभ्या होत्या.

"उरलेल्यांपैकी कोणीही मारू शकतो," त्या म्हणाल्या. उरलो होतो मी आणि भाऊ.

साहेबांनी जमिनीवरूनच माझ्याकडे बोट केलं. "हे मारतील."

मी का, हे मला लगेच कळलं. मला मारता येत नव्हतं. महिन्याभरात मी एकदाही पेनल्टी मारली नव्हती, आणि ते साहेबांना ठाऊक होतं. बॉल माझ्याच हातात होता. मी तो भाऊच्या हातात दिला.

"भाऊ मारतील," मी मॅडमना सांगितलं.

पुढे मेहकरात दोन-तीन जणांनी यासाठी माझी पाठ थोपटली. त्यांना मी खरं कारण सांगितलं नाही. बसली तर साहेब नाराज, चुकली तर सगळे नाराज. ऑफिसात अडचणीची फाईल शेजारच्या टेबलावर सरकवतो, तसा मी तो बॉल सरकवला. योग्य माणसाकडे गेला, हा योगायोग.

भाऊने बॉल ठेवला. गुडघ्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं. दोन पावलं. त्यांच्या गोलकीपरचा उजवा गुडघा वाकलेला मलासुद्धा दिसला. बॉल डावीकडून आत गेला, जाळीही फारशी हलली नाही.

आम्ही जिंकलो. साहेबांचा गोळा बक्षीस समारंभापर्यंत उतरला. आधी जरा लंगडले, मग मंचाच्या पायऱ्या दोन-दोन करून चढले. चषक मोठ्या साहेबांच्या हातून घेतला, फोटोत तो छातीशी धरला. चषक देताना मोठे साहेब म्हणाले, "तुमचा तो शेवटचा खेळाडू फार चांगला आहे. कुठे आहे तो?" साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. "असेल इथेच सर." भाऊ गाडी आणायला गेला होता. साहेबांनीच पाठवलं होतं.

परतताना साहेब दुसऱ्या कोणाच्या कारने चिखलीपर्यंत गेले. जीपमध्ये मी भाऊच्या शेजारी बसलो. उतार लागला तसा तो म्हणाला,

"बाबू, एक विचारू?"

"विचारा ना."

"बॉल अडवल्यावर सॉरी काऊन म्हटलं?"

मी बाहेर बघू लागलो. तुरीची शेतं पिवळी झाली होती.

"तोंडातून निघून गेलं," मी म्हणालो.

"हाव," भाऊ म्हणाला. "मले वाटलंच." आणि त्याने गिअर बदलला. रागावला असता तर बरं वाटलं असतं.

सोमवारी ऑफिसच्या दर्शनी भागात फोटो लागला, साहेब आणि चषक. महिन्याभराने माझं टेबल खिडकीजवळून रेकॉर्ड रूमच्या दाराशी गेलं. कारण विचारलं तर बडे बाबू म्हणाले, "जागेची अडचण आहे." पुढच्या वर्षी स्पर्धेच्या तीन दिवसांत भाऊची ड्युटी लोणारला लागली. संघ पहिल्याच सामन्यात हरला. पेनल्टी साहेबांनी मारली होती असं ऐकलं, कुठे गेली ते मी विचारलं नाही. मी त्या वेळी रजा टाकली होती. त्यानंतर मोठ्या साहेबांची बदली झाली. नवे आले ते बॅडमिंटन खेळतात. साऱ्या जिल्ह्याला आता शटल कॉक कोणत्या कंपनीचं चांगलं हे कळतं.

गेल्या उन्हाळ्यात मेहकरच्या बसस्टँडवर त्या क्रीडा शिक्षिका भेटल्या. मी ओळख दिली. त्यांनी आधी ओळखलं नाही, मग म्हणाल्या, "हां, तुम्ही उभे राहिलेले गोलकीपर."

"दुसऱ्या वर्षी तुम्ही दिसला नाहीत म्हणे," मी म्हणालो.

"बोलावलं नाही ना." त्या सहज म्हणाल्या. "कोणी नाही म्हटलं नाही, फक्त फोन आला नाही."

"मोठ्या साहेबांनी?"

"छे. ते तर सामना संपल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाले होते, फाऊल होता, तुम्ही बरोबर दिलात. त्यांच्या वतीनं दुसरंच कोणी नाराज झालं असन."

मी विषय बदलला. विचारलं, हल्ली काय चाललंय. शाळेत मुलींचा संघ बांधलाय, म्हणाल्या. विभागापर्यंत जाऊन आल्या पोरी.

"पेनल्टी कोण मारते? कॅप्टन?"

"कॅप्टन विचारते पोरींना, आज कोणाचा पाय चालून राह्यला? जी हो म्हणते ती मारते. कधी कॅप्टनच मारते, कधी आठवीतली एखादी." त्यांनी पिशवी उचलली, त्यांची बस लागत होती. "तुम्ही खेळता का अजून?"

"नाही," मी म्हणालो. "संघच नाही आता."

"भाऊ?"

त्यांच्या तोंडून भाऊ ऐकून मी चमकलो. दीडेक वर्षापूर्वी एका दुपारी पाहिलेल्या त्या माणसाला आम्ही सगळे काय हाक मारायचो, हे त्यांच्या लक्षात होतं.

"भाऊ आहे," मी म्हणालो. "गाडी चालवतो."

"त्याईले सांगा, शाळेत या म्हणा एखाद्या रविवारी. पोरींना दोन पावलांची पेनल्टी शिकवा म्हणा."

मी भाऊला निरोप दिला. तो त्याच रविवारी गेला. तेव्हापासून महिन्यातून एकदा जातो, आणि ऑफिसात हे मला सोडून कोणाला माहीत नाही.